संगणकाचा अडॅप्टर रुसतो तेव्हा

मैत्रिणींनो, मिक्सर वाटता वाटता मध्येच बंद पडला, तर तुम्ही काय करता? भांडे उतरवता, मिक्सर आडवा करता आणि त्याच्या बुडाशी असलेले लाल बटण चाचपता. वाटण घट्ट झाले, मोटारीवर भार आला, बटण बाहेर पडले. जरा निवू द्यायचा, बटण आत दाबायचे, की स्वारी पुन्हा चालू! यासाठी आपण कुणाची वाट पाहत बसत नाही. कुकरला शिटी येईना, तर आधी रिंग पाहतो, मग शिटीचे भोक. शेगडीची ज्योत पिवळी पडली, तर बर्नर काढून घासतो. पण घरातला लॅपटॉप रुसला, की हीच बाई हात पदराला पुसून दोन पावले मागे सरते आणि म्हणते, "नको ग बाई, त्याला माझा हात नको. हे आले की बघतील."

आता 'हे' येऊन काय बघतात, ते तुम्हांला ठाऊक आहेच. असो.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका रुसव्याबद्दल. संगणक नीट सुरू होतो, पडदा उजळतो, कालचे हिशेब, मुलांचे फोटो, सगळे जागच्या जागी असते. फक्त इंटरनेट नाही. आणि घरातल्या फोनवर मात्र ते खुशाल चालू असते! अशा वेळी दोष बहुधा संगणकाच्या पोटातल्या एका लहानशा भागाचा असतो. त्याचे नाव नेटवर्क अडॅप्टर.

या नावाने आमच्या घरी केवढा घोळ घातला म्हणता! "अडॅप्टर चालत नाहीये," असे मी म्हटले, तर सासूबाईंनी चार्जरचा काळा ठोकळा उचलून माझ्यापुढे धरला. "हा काय, इथंच तर पडलाय. दिवा लागतोय की त्याचा!" त्यांचे काही चुकले नाही. आपल्याकडे अडॅप्टर म्हणजे चार्जर, नाहीतर तीन पिनांची दोन पिन करणारी ती सोंगटी. हा अडॅप्टर निराळा. संगणकाच्या आतली भाषा बाहेर पाठवायची, तर तिचे तारेतल्या विजेच्या स्पंदनांत किंवा हवेतल्या रेडिओलहरींत रूपांतर करावे लागते, आणि बाहेरून आलेले पुन्हा आतल्या भाषेत आणावे लागते. हे दुभाष्याचे काम तो करतो. तारेचा एक असतो, वाय-फायचा एक. पूर्वी हे कार्ड वेगळे विकत आणून संगणकात खोचावे लागे. आता ते यंत्रासोबतच येते. टेबलावरच्या संगणकात तारेचा अडॅप्टर मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेला असतो. पुष्कळशा लॅपटॉपमध्ये वाय-फायचे कार्ड मात्र सुटे असते. २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढे. त्याला दोन केसासारख्या बारीक तारा जोडलेल्या असतात, त्या बिजागरीतून वर जाऊन पडद्याच्या कडेने फिरतात. हा लॅपटॉपचा अँटेना. अगदी पातळ लॅपटॉपांत काही वेळा हे कार्डही डाखलेले असते.

सुटे की डाखलेले, हा फरक नीट ध्यानात ठेवा बरं का. त्याची किंमत हजारांत आहे. ती कशी, ते पुढे सांगते.

मी सांगलीत राहते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हापासून घरबसल्या चार दुकानदारांचे हिशेब लिहिते. दोन किराणावाले, एक स्टेशनरीवाला आणि एक हळदीचे व्यापारी. दर महिन्याला वीस तारखेच्या आत त्यांचे तीन-बीचे विवरणपत्र भरावे लागते. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला अठरा टक्के व्याज. ही विवरणपत्रे इंटरनेटवरूनच जातात, त्यामुळे पंधरा ते वीस हे माझे परीक्षेचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे पाहुणे आले तर पोहेच मिळतात.

२०२५ च्या जुलैची सतरा तारीख. सकाळचे आवरून मी लॅपटॉप उघडला, तर उजव्या कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्ह नाहीसे. त्या जागी पृथ्वीचा गोळा, आणि दाबून पाहावे तर वाय-फायचे बटणच नाही! विमानाचे चिन्ह असलेले बटण पाहिले, ते बंदच होते. ऑफिसला जाताना आमच्या ह्यांनी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने न उघडताच निकाल दिला: नेटवर्कचा भाग गेला, तो मदरबोर्डवर असतो, बोर्ड बदलावा लागेल, साडेआठ हजार आणि चार दिवस. चार दिवस म्हणजे एकवीस तारीख! ह्यांनी लॅपटॉप तसाच परत आणला. रात्री बंगळूरला मुलाला फोन लावला. "आई, तू काही हात लावू नकोस," तो म्हणाला, "मी दिवाळीला आलो की बघतो." आणि जेवताना हे म्हणाले, "चार वर्षं झाली त्या लॅपटॉपला. आणि खरं सांगू का, आता कशाला ती कामं? डोळ्यांना त्रास, जिवाला घोर. सोडून दे ना."

ते रागाने म्हणाले नाहीत, काळजीनेच म्हणाले. पण मला घास गिळवेना. महिन्याला साडेसात हजार रुपये मिळतात मला. त्यांत काय काय बसते ते इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी ज्या स्वतःचे चार पैसे मिळवतात त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्या मिळवत नाहीत त्यांना अधिकच ठाऊक आहे. आठ वर्षांचे काम एका टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यासाठी सोडायचे?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर त्यांची नोकरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विरजणाला दही मागायला आल्या आणि माझा चेहरा पाहून खाली बसल्याच. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "बिघाड कुठं आहे ते आत्ता शोधू नकोस. तो कुठं नाही, ते शोध." मग त्यांनी त्यांच्या वेळची रीत सांगितली. एक्स्चेंजमध्ये तारांची एक मोठी चौकट असते. गावातून आलेल्या तारा एका बाजूला, आतल्या यंत्राच्या दुसऱ्या बाजूला. तक्रार आली, की त्या चौकटीवर जोड सोडवायचा आणि एकेक बाजू वेगळी तपासायची. आत ठीक असेल तर बाहेर माणूस पाठवायचा. बाहेर ठीक असेल तर उगाच खांबावर कुणाला चढवायचे नाही. "आम्हांला त्या तारांतलं सगळं कळत होतं असं नाही ग," काकू म्हणाल्या, "पण अर्धं अर्धं कापत गेलं, की उरतं ते सापडतं."

मग आम्ही दोघींनी कापायला घेतले.

पहिला काप: लाइन की लॅपटॉप? माझ्या फोनवर वाय-फाय चालू केले आणि मोबाइल डेटा बंद केला. हे डेटा बंद करणे विसरायचे नाही हं. नाहीतर वाय-फाय मेलेले असले तरी फोन गुपचूप सिमवरून चालत राहतो आणि आपण म्हणतो, लाइन ठीक आहे. फोनवर पान उघडले. म्हणजे बाहेरची तार, हॉलमधला राउटर, महिन्याचे बिल, सगळे ठीक. दोष लॅपटॉपमध्ये.

दुसरा काप: सगळा लॅपटॉप की फक्त अडॅप्टर? फोन चार्ज करतो ती तार फोनमधून लॅपटॉपला जोडली आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर असलेले 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. तार मात्र नुसती चार्जिंगची नको, माहितीही वाहून नेणारी हवी. फोनबरोबर आलेली चालते. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपवर इंटरनेट आले! लॅपटॉपने फोनलाच आपला नवा अडॅप्टर मानला. गंमत म्हणजे अँड्रॉइडचा फोन वाय-फायवर असेल, तर तेच वाय-फाय तारेतून लॅपटॉपला मिळते, सिमचा डेटा जात नाही.

या एका तारेने दोन कामे झाली. एक तर कळले, की संगणकाची बाकीची व्यवस्था शाबूत आहे, रुसला आहे तो आतला वाय-फायचा अडॅप्टरच. आणि दुसरे, माझे अडलेले काम मोकळे झाले. त्याच रात्री चारही विवरणपत्रे गेली. हळदवाल्या शेठना ओटीपीसाठी नऊ वाजता जेवणावरून उठवले, पण तारीख होती अठरा. माझ्या मते या सगळ्या लेखात एवढी एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवलीत तरी पुरे. दुरुस्ती सावकाश होऊ द्या, काम आधी फोनच्या तारेवर चालू करा. घाईत असलेल्या माणसाला दुकानदार सांगेल ती किंमत पटते.

आता डोक्यावरची टांगती तलवार उतरली होती, तेव्हा निवांतपणे तिसरा काप घेतला. विंडोजच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले, की एक यादी येते, तीत 'डिव्हाइस मॅनेजर' असते. ही संगणकाच्या सगळ्या अवयवांची हजेरीवही. तीत 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडले. वाय-फायच्या नावावर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. नावावर दोनदा टिचकी मारली, तर खिडकीत वाक्य: 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट. कोड १०.' म्हणजे, हे यंत्र सुरू होऊ शकत नाही.

हे कोड म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीतली अक्षरे समजा. बावीस असेल, तर कुणीतरी तो अडॅप्टर बंद करून ठेवला आहे. नावावर उजवे बटण दाबून 'एनेबल' म्हणायचे, झाले काम. अठ्ठावीस म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. त्रेचाळीस म्हणजे यंत्राने स्वतःच अडचण कळवली, म्हणून विंडोजने ते थांबवले. हा जरा काळजीचा. आणि यादीत वाय-फायचे नावच नसेल, तर वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन लपलेली यंत्रे दाखवायला सांगायची. तेव्हा नाव फिकट दिसले आणि कोड पंचेचाळीस असला, तर संगणकाला ते यंत्र जोडलेलेच सापडत नाही. आमचा कोड दहा मात्र सगळ्यांत मोघम. पोराच्या अंगात कसकस आहे असे म्हणण्यासारखा. थंडी असेल, दात येत असतील, काही मोठेही असेल. कार्ड खरोखर जळले तरी दहा दिसू शकतो आणि नुसते अडकले तरी दहाच. तेव्हा दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणत नाही. पण कसकस आहे म्हणून कुणी थेट ऑपरेशन सांगितले, तर आपण ऐकू का?

कार्ड अडकते म्हणजे काय? संगणक बंद केला म्हणजे त्यातली वीज पूर्ण गेली असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. अडॅप्टरला काही वेळा थोडी वीज मिळत राहते, कारण बाहेरून निरोप आल्यास संगणकाला उठवायचे कामही त्याच्याकडे दिलेले असते. टेबलावरचा संगणक बंद असतानाही मागच्या नेटच्या भोकाजवळ बारीक दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. अशा अर्धवट झोपेत तो एखाद्या विचित्र अवस्थेत अडकला, तर तुम्ही दहादा बंद-चालू करा, तो तसाच. त्याला पुरता उपाशी ठेवायला हवा.

ते असे करायचे. लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा. माउस, पेनड्राइव्ह, सगळे काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा; हल्ली ती बहुधा आतच असते, मग राहू द्या, पोट उघडत बसू नका. आता चालू करायचे बटण दाबून धरा आणि मनात सावकाश तीस अंक मोजा. तेवढ्यात लॅपटॉप उगाच चालू झाला तर घाबरू नका, बटण धरूनच ठेवा, तो बंद होईल. मग दोन मिनिटे थांबा, चार्जर लावा, चालू करा. टेबलावरचा संगणक असेल तर भिंतीवरचे बटण बंद करून, वायर काढून, तेच करायचे.

काकू मोजत होत्या, मी बटण धरून बसले होते. सासूबाई देवाची वात लावता लावता पाहत होत्या. लॅपटॉप चालू झाला आणि कोपऱ्यात ती तीन कमानींची पंख्यासारखी खूण उमटली. पिवळा त्रिकोण गेला! साडेआठ हजारांचा मदरबोर्ड जागच्या जागी होता. काकूंनी फक्त "हं," एवढेच म्हटले आणि दह्याची वाटी घेऊन वर गेल्या. हे संध्याकाळी आले, त्यांनी लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला, आणि "मग त्याने साडेआठ कशाचे सांगितले?" असे मलाच विचारले.

बरोबर अकरा दिवसांनी ते चिन्ह पुन्हा गेले.

खरे सांगते, त्या सकाळी मला रडूच यायचे बाकी होते. हे काही म्हणाले नाहीत, पण न बोलणेसुद्धा ऐकू येतेच की. तीस अंक मोजून अडॅप्टर पुन्हा उठवला, पण या खेपेस तो का झोपतो ते पाहायचे ठरवले. आणि तिथे मला एक असा प्रकार कळला, की तो तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण 'शट डाउन' करतो, म्हणजे संगणक पुरता बंद होतो ना? नाही! विंडोज आठपासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे बंद करताना संगणक आपली आतली निम्मी मांडणी जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवतो आणि सकाळी तीच उचलून पुढे मांडतो. काल रात्रीचा ओटा न आवरता तसाच झाकून ठेवावा आणि सकाळी झाकण काढावे, तसे. कालची गडबडही आज तशीच पुढे येते. याउलट 'रीस्टार्ट' म्हटले, की तो सगळे पुसून नव्याने मांडतो. म्हणून काही अडले तर 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. दिसायला उलटे वाटते, पण खरे आहे. ही सोय कायमची बंद करायची, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, चालू-बंदचे बटण काय करील हे ठरवायच्या पानावर तिची खूण असते, ती काढायची. सुरू व्हायला दहा-वीस सेकंद जास्त लागतात. लागू देत. तेवढ्यात चहा गाळून होतो.

दुसरी गोष्ट सापडली ती त्या हजेरीवहीतच. वाय-फायच्या नावावर दोनदा टिचकी मारून 'पॉवर मॅनेजमेंट' चे पान उघडले, तर तिथे एक चौकोन खूण करून ठेवलेला: वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला संगणकाला परवानगी. म्हणजे घरातल्यांनीच त्याला झोपायला सांगितलेले, आणि तो उठत नाही म्हणून तक्रार! ती खूण मी काढली. बॅटरी थोडी लवकर उतरते एवढेच. काही लॅपटॉपांत हे पान नसते, तेव्हा शोधत बसू नका. या दोन खुणा काढल्यापासून आमचा अडॅप्टर पुन्हा रुसलेला नाही. दोहोंपैकी नेमकी कोणती कारण होती, ते शोधायला मी त्या परत लावून पाहिल्या नाहीत. वीस तारीख दर महिन्याला येते!

तुमच्याकडे यानेही भागले नाही, तर मग ड्रायव्हर. हा ड्रायव्हर म्हणजे संगणकाला त्या यंत्राशी कसे बोलायचे ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम. तो बिघडला किंवा नव्या सुधारणेबरोबर न जुळणारा आला, तरी कोड दहा येतो. कालपर्यंत ठीक होते आणि रात्री सुधारणा झाल्यावर बिघडले, असे असेल तर 'ड्रायव्हर' च्या पानावर 'रोल बॅक' म्हणून बटण असते, ते आधीचा ड्रायव्हर परत आणते. ते फिकट असेल तर आधीचा शिल्लक नाही. मग त्या यंत्राच्या नावावर उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल' म्हणायचे आणि रीस्टार्ट करायचे. संगणक आपणहून त्याला पुन्हा ओळखतो आणि बसवतो. मात्र तिथेच ड्रायव्हरही पुसून टाकू का, असा प्रश्न असतो. नवा ड्रायव्हर हाताशी नसताना तिथे खूण करू नका. हंडा भरायच्या आधी कळशी ओतून देण्यातला प्रकार होईल तो. नवा हवा असेल तर लॅपटॉपच्या बुडाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक पाहून बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावरून घ्यायचा, फोनच्या तारेवरून तो सहज उतरतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका दमात दुरुस्त करतो' असे सांगणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांना दारात उभे करू नका. दारावर भांडी घासून चकचकीत करून देणारे येत, त्यांच्यातले हे.

सेटिंगमध्ये 'नेटवर्क रीसेट' ही असते. ती सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवते, पण साठवलेले वाय-फायचे पासवर्ड जातात. तेव्हा आधी पासवर्ड वहीत लिहा. आणि टेबलावरच्या संगणकात अडॅप्टर यादीतच नसेल, तर चालू होताना एफ-दोन किंवा डिलीट दाबून येणाऱ्या निळ्या-काळ्या पानावर तो बंद तर केलेला नाही ना, तेवढे पाहा. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

एवढे करूनही तो उठला नाही, किंवा लॅपटॉपवर पाणी सांडले होते, तो पडला होता, जळका वास येतोय, तर मात्र दुकान गाठा. पण आता तुम्ही जाल त्या निराळ्या. "नेट चालत नाही हो," असे म्हणू नका. म्हणा, "राउटर ठीक आहे, फोनच्या तारेवर चालतंय, वाय-फायच्या अडॅप्टरला कोड दहा आहे, वीज पूर्ण उतरवून पाहिली, ड्रायव्हर नवा घातला. कार्ड सुटं आहे की डाखलेलं, ते सांगा." सुटे असेल तर फक्त कार्ड बदलते, दोन तारा काढून परत लावायच्या आणि एक स्क्रू; मदरबोर्डचा त्यात काही संबंध नाही. काढलेले कार्ड परत मागून घ्या. आणखी एक युक्ती सांगते. प्रत्येक अडॅप्टरला बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा पत्ता असतो, दोन-दोनांच्या सहा जोड्या. सेटिंगमध्ये वाय-फायच्या माहितीत तो 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून दिसतो. चालू असतानाच तो गॅसच्या पुस्तकामागे लिहून ठेवा. दुकानातून लॅपटॉप परत आला, की ताडून पाहा. पत्ता तोच असेल, तर कार्ड बदललेले नाही, बिलात काहीही लिहिलेले असो!

डाखलेला अडॅप्टर खरोखरच मेला, तरी मदरबोर्ड बदलायची गरज क्वचितच. यूएसबीच्या भोकात बसणारा बाहेरचा अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. वाय-फायचा नखाएवढा, तारेचा काड्यापेटीएवढा. आमच्या हळदवाल्या शेठच्या दुकानात हेच करावे लागले. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्यांच्या टेबलावरच्या संगणकाचे नेट गेले. नेटची तार काचेची, तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही, म्हणून त्यांना ते खरे वाटेना. पण काचेची तार भिंतीवरच्या डबीपर्यंतच. डबी लावलेली विजेच्या प्लगला, आणि तिथून संगणकापर्यंतची चार हात तार तांब्याची. (तुमच्याकडेही अशीच असेल. गडगडाट सुरू झाला, की डबीचा प्लग आणि संगणकाची तार दोन्ही काढत जा.) मी माझा लॅपटॉप तिकडे नेला, तीच तार त्याला जोडली, नेट चालले. तार ठीक, डबी ठीक. संगणकाच्या भोकाजवळचे दोन्ही दिवे मात्र मिणमिणतसुद्धा नव्हते. वीज उतरवली, ड्रायव्हर पाहिला, निळे पान पाहिले, काही नाही. हा खरोखर गेला होता.

शेठ म्हणाले, "मग आता दुकानात न्यायचा का, ताई?" मी म्हटले, "आधी स्टेशनच्या रस्त्याला पोरगा पाठवा आणि यूएसबीची लॅनची डबी मागवा." पोरगा पाऊण तासात घेऊन आला. लावली, हिरवा दिवा लागला, आणि त्याच बैठकीत मी त्यांची दोन बिले भरून टाकली. ती डबी अजून तिथेच आहे. तिच्यावर हळदीचा पिवळा थर बसतो. दर महिन्याला गेले, की बसायच्या आधी मी तो रुमालाने पुसते.